क्ष-किरणांचा आरसा

‘आरसा’ हा शब्द संस्कृतातील ‘आदर्श’ या शब्दापासून आला आहे. ज्यात पाहिले असता आपले रूप दिसते, तो आदर्श. पुढे आपण ‘आदर्श’ हा शब्द थोर माणसांसाठी राखून ठेवला आणि भिंतीवर टांगण्यासाठी ‘आरसा’ निराळा काढला. पण मूळ दोहोंचे एकच. आरशाचे काम तसे साधे आहे. त्याच्यावर पडलेला प्रकाश त्याने परत फेकावयाचा, एवढेच. तो खोलगट केला, तर परत फिरलेले किरण एका ठिकाणी गोळा होतात. आकाशातील अतिशय मंद ताऱ्यांचा प्रकाश गोळा करण्यासाठी ज्योतिर्विद याच युक्तीचा उपयोग करतात. म्हणून आजच्या मोठ्या दुर्बिणींत मुख्य भिंग नसते, मुख्य आरसा असतो.

परंतु जे किरण आरशातून आरपार निघून जातात किंवा त्यात शिरून नाहीसे होतात, त्यांच्यासाठी आरसा कसा करावयाचा? हा प्रश्न कोड्यासारखा वाटतो. तो केवळ कोड्यातला नव्हे. आपल्या महाराष्ट्रातच, मुंबईच्या कुलाबा भागात समुद्रकाठी असलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, असा आरसा तयार झाला. २०१५ साली तो ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’ नावाच्या भारतीय उपग्रहात बसून आकाशात गेला. त्या आरशाची ही हकीकत आहे.

हे किरण म्हणजे क्ष-किरण. हाड मोडले असता दवाखान्यात ज्यांच्या साहाय्याने हाडाचे चित्र घेतात, तेच हे. १८९५ साली विल्हेल्म रंटगेन या जर्मन शास्त्रज्ञाला ते सापडले. ते कशाचे बनलेले आहेत हे त्याला कळेना, म्हणून त्याने त्यांना बीजगणितातील अज्ञात संख्येचे नाव दिले. मराठीत आपण अज्ञात संख्येला ‘क्ष’ म्हणतो, म्हणून ते आपल्याकडे क्ष-किरण झाले. इतके सरळ आणि नेमके भाषांतर शास्त्राच्या परिभाषेत क्वचितच साधते. आता ते अज्ञात राहिलेले नाहीत. तेही एक प्रकारचा प्रकाशच आहेत. फक्त त्यांच्या लहरींची लांबी डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाच्या लहरींपेक्षा शेकडो, हजारो पटींनी कमी असते.

आपल्या डोळ्यांना दिसणारे आकाश शांत भासते. क्ष-किरणांचे आकाश तसे नाही. जेथे वायू लक्षावधी अंशांपर्यंत तापलेला असतो, तेथून क्ष-किरण बाहेर पडतात. कृष्णविवराकडे ओढले जाणारे आणि ओढले जाता जाता तापणारे द्रव्य, स्फोट होऊन फुटलेल्या ताऱ्यांचे अवशेष, कोल्हापूर शहराहून फारशा मोठ्या नसलेल्या गोळ्यात सूर्याहून अधिक वस्तुमान कोंबलेले न्यूट्रॉन तारे, ही सारी क्ष-किरणांत झळाळताना दिसतात. पण जमिनीवर उभे राहून आपल्याला त्यांतील एकही किरण मिळत नाही. पृथ्वीभोवतीचे वातावरण ते सारे शोषून घेते. सजीवांच्या दृष्टीने हे फार चांगले झाले. ज्योतिर्विदांची मात्र त्यामुळे पंचाईत झाली. क्ष-किरणांचे आकाश पाहावयाचे तर हवेच्या वर जाण्याखेरीज मार्ग नाही.

१९६२ च्या जून महिन्यात रिकार्डो जियाकोनी आणि त्यांचे सहकारी यांनी अमेरिकेत एका अग्निबाणावर क्ष-किरण मोजणारी उपकरणे बसवून तो वर सोडला. अग्निबाण हवेच्या वर जेमतेम पाच-सहा मिनिटे राहिला. तेवढ्या वेळात वृश्चिक राशीच्या दिशेने येणाऱ्या क्ष-किरणांचा एक प्रखर झोत सापडला. सूर्यमालेच्या बाहेरून येणारे क्ष-किरण मनुष्याला तेव्हा प्रथमच आढळले. या कार्याबद्दल जियाकोनी यांना २००२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पण त्या अग्निबाणावर आरसा नव्हता. किरण आले एवढे कळले. ते नेमके कोठून आले हे अंदाजाने ठरवावे लागले. पावसाळ्यात अंगणात हंडा नुसताच ठेवला, तर त्याच्या तोंडाएवढेच पाणी त्यात पडते. छपराला पन्हळ लावून तिचे तोंड हंड्यावर आणले, की साऱ्या छपराचे पाणी त्यात येते. दुर्बिणीत आरसा पन्हळीचे काम करतो. क्ष-किरणांसाठी अशी पन्हळ हवी होती.

आता अडचण कोणती, ती पाहू. साध्या आरशावर समोरून क्ष-किरण सोडले, तर ते परत फिरत नाहीत. काही आत शिरून विरतात, काही पलीकडे जातात. परंतु निसर्गाने एक फट ठेवलेली आहे. रंकाळ्याच्या किंवा पंचगंगेच्या काठी तुमच्यापैकी अनेकांनी एक खेळ खेळला असेल. चपटी खापरी घ्यावयाची आणि कमरेत वाकून ती पाण्याच्या पृष्ठभागाला जवळजवळ समांतर अशी भिरकावावयाची. ती बुडत नाही. पाण्यावर टप्पे घेत पुढे जाते. तीच खापरी उंचावरून सरळ खाली टाका, ‘डुबुक’ असा आवाज होऊन ती तळाशी जाईल. खापरी तीच, पाणीही तेच. फरक पडला तो कोनाचा.

क्ष-किरणांचेही असेच आहे. गुळगुळीत पृष्ठभागाला अगदी घासून, अतिशय लहान कोनात ते आले, तर आत न शिरता टप्पा घेऊन पुढे जातात. आर्थर कॉम्प्टन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९२३ साली हे प्रयोगाने दाखवून दिले. (खापरीचे आणि किरणाचे कारण एकच आहे असे मात्र समजू नका. खापरीला पाण्याचा दाब उचलतो. किरणाचे परत फिरणे हा प्रकाशाच्या वेगाशी निगडित असलेला निराळा नियम आहे. दृष्टान्त हा समजण्यापुरता घ्यावा.) तुमच्या कंपासपेटीतील कोनमापकावर एक अंशाची खूण पाहा. दोन रेषांमध्ये एवढा कोन असला, तर त्या जवळजवळ चिकटलेल्याच वाटतात. मुंबईत तयार झालेल्या दुर्बिणीत क्ष-किरणांना आरशावर सुमारे अर्ध्या अंशापासून एका अंशाच्या आतल्या कोनाने यावे लागते. कोन याहून फार वाढला, तर किरण हातचे गेले.

म्हणून क्ष-किरणांचा आरसा ताटासारखा किंवा परातीसारखा असून चालत नाही. तो नळीसारखा असावा लागतो. किरण नळीच्या एका तोंडातून आत शिरतात, आतल्या भिंतीला घासून जातात आणि किंचित वळून दुसऱ्या तोंडातून बाहेर पडतात. मात्र अशा एका टप्प्याने चित्र स्पष्ट उमटत नाही. पाठोपाठ दोन टप्पे घेतले, तरच ते नीट उमटते, हे हान्स वोल्टर या जर्मन शास्त्रज्ञाने १९५२ साली गणिताने सिद्ध केले. पहिला पृष्ठभाग अन्वस्त या वक्राचा आणि दुसरा अपास्त या वक्राचा असावा, असे त्याचे गणित सांगते. हे वक्र तुम्हांला पुढच्या इयत्तांत भेटतील. गंमत अशी, की वोल्टरच्या मनात दुर्बीण नव्हतीच. त्याला क्ष-किरणांचा सूक्ष्मदर्शक करावयाचा होता. तो त्या काळी जमला नाही, कारण हवा तितका गुळगुळीत आरसा कोणालाच करता येईना. त्याचे गणित आकाशाच्या कामी आले.

गुळगुळीत म्हणजे किती गुळगुळीत? कोल्हापुरात फुटबॉलचे वेड केवढे आहे हे सर्वांना ठाऊक आहे. बारीक खडी पसरलेल्या मैदानावर फुटबॉल घरंगळत सोडला, तर खडी त्याला फारशी जाणवत नाही. तो सरळ जातो. त्याच मैदानावर गोटी सोडून पाहा. प्रत्येक खड्याला अडखळत ती भलतीकडेच जाईल. दृश्य प्रकाशाच्या लहरी फुटबॉलसारख्या मोठ्या, तर क्ष-किरणांच्या गोटीसारख्या लहान. तुमच्या घरातला चकचकीत आरसा दृश्य प्रकाशाला आरसा वाटतो. क्ष-किरणांना तो खडीचे मैदान वाटू शकतो. त्यांच्या आरशावरचे उंचवटे आणि खळगे एका नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लक्षाव्या भागाइतकेच असावे लागतात. ही संख्या नुसती वाचून मनात ठसत नाही, म्हणून एक हिशोब करू. दहा सेंटिमीटर लांबीचा आरसा दहा लक्ष पटींनी वाढविला, तर तो शंभर किलोमीटर लांब होईल. कोल्हापूरहून बेळगावला जाणारा रस्ता साधारण एवढा, किंबहुना थोडा अधिक भरेल. त्या सबंध रस्त्यावर एक मिलिमीटरच्या आसपासचे उंचवटे असले, तर तो रस्ता जितका गुळगुळीत, तितका हा आरसा गुळगुळीत हवा. रस्त्याची गोष्ट येथेच सोडून देणे बरे.

आणखी एक अडचण होती. कागदाचा एक तुकडा डोळ्यांच्या पातळीत जवळजवळ आडवा धरून कडेने पाहा. सारा कागद एका बारीक रेघेएवढा दिसतो. क्ष-किरणांचा आरसाही आकाशाला असाच कडेने दिसतो. दहा सेंटिमीटर लांबीचा आरसा अर्ध्या-एक अंशाने कललेला असला, तर आकाशाच्या बाजूने त्याची रुंदी एक ते दीड मिलिमीटरच भरते. एवढ्याशा पट्टीवर कितीसे किरण पडणार? यावरचा उपाय म्हणजे कांदा. कांद्यात जशी एका पापुद्र्याच्या आत दुसरा पापुद्रा असतो, तशा एका नळीच्या आत दुसरी, तिच्या आत तिसरी, अशा अनेक आरसेनळ्या बसवावयाच्या. बाहेरच्या नळीतून निसटलेले किरण आतली नळी धरील.

येथे दोन मार्ग फुटतात, आणि कोणता मार्ग घ्यावा हा विचार मोठा महत्त्वाचा होता. अमेरिकेने १९९९ साली आकाशात सोडलेल्या ‘चंद्रा’ या दुर्बिणीत जाड काचेच्या चार नळ्या एकात एक बसविल्या आहेत आणि त्यांच्या जोडीला मागे आणखी चार आहेत. (ही दुर्बीण आपल्या सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर यांचे नाव धारण करते.) काच घासून घासून त्यांना अचूक आकार दिलेला आहे. म्हणून चंद्रा दुर्बिणीची चित्रे अतिशय रेखीव येतात. पण असे आरसे शेकडो किलो वजनाचे होतात, आणि त्यांना वर नेण्यास तेवढेच बलाढ्य वाहन आणि तेवढाच पैसा लागतो. दुसरा मार्ग पातळ पत्र्याचा. पत्रा हलका, स्वस्त आणि इतका पातळ, की थोड्या जागेत पुष्कळ पापुद्रे मावतात. मात्र पातळ पत्रा किंचित वाकतो, लवतो. म्हणून चित्र तितके रेखीव येत नाही. अमेरिकेच्या गोडार्ड अवकाश केंद्रात पीटर सर्लेमित्सोस आणि त्यांचे सहकारी यांनी ही पत्र्याची रीत विकसित केली, आणि जपानच्या ‘आस्का’ व ‘सुझाकू’ या उपग्रहांवर असेच आरसे होते. मुंबईच्या शास्त्रज्ञांनी हा दुसरा मार्ग घेतला. त्यांच्या दुर्बिणीला एकाच उपग्रहावर इतर दुर्बिणींच्या शेजारी दाटीवाटीने बसावयाचे होते. आपल्या पाटाएवढी जागा पाहून पाय पसरावेत, यात कमीपणा नाही.

२००४ साली अ‍ॅस्ट्रोसॅटला मंजुरी मिळाली. कुलिंदर पाल सिंग यांच्या नेतृत्वाखाली टाटा संस्थेतील मंडळी या दुर्बिणीच्या कामाला लागली. आरशाचा प्रत्येक पापुद्रा चार तुकड्यांचा करावयाचा, म्हणजे एक तुकडा वर्तुळाच्या चतुर्थांशाएवढा, असे ठरले. पापुद्रे चाळीस. पहिल्या टप्प्यासाठी एक संच आणि दुसऱ्या टप्प्यासाठी दुसरा. आता गुणाकार करा. चाळीस चोक एकशे साठ, आणि त्याची दुप्पट तीनशे वीस. तीनशे वीस आरसे, प्रत्येक दहा सेंटिमीटर लांबीचा आणि सुमारे ०.२ मिलिमीटर जाडीचा!

वोल्टरने सांगितलेले वक्र मात्र पत्र्याला देता येत नाहीत. हे तुम्हांला घरी करून पाहता येईल. कागदाचा तुकडा घ्या आणि फुटाणेवाला पुडा करतो तसा त्याचा शंकू करा. सहज होतो. आता त्याच कागदाची वाटी करून पाहा. सुरकुत्या पडल्याखेरीज ती होणार नाही. पत्र्याची गोष्ट हीच. म्हणून अन्वस्त आणि अपास्त यांच्या जागी शंकूचे तुकडे वापरले. खऱ्या वक्रापासून शंकू इतका थोडा दूर असतो, की या दुर्बिणीच्या कामापुरता तो पुरतो.

आता सर्वांत कठीण काम, ते म्हणजे गुळगुळीतपणा. अ‍ॅल्युमिनिअमचा पत्रा कितीही घासला, तरी क्ष-किरणांना पुरेसा गुळगुळीत होणे कठीण. आणि इतका पातळ पत्रा घासता घासता वेडावाकडा व्हावयाचा. मग काय करावे? कोल्हापूरजवळ शिरोलीला किंवा गोकुळ शिरगावला ज्यांच्या घरची माणसे फौंड्रीत काम करतात, त्यांना ओतकाम ठाऊक असेल. वाळूच्या साच्यात लोखंडाचा रस ओततात. साचा खरबरीत, म्हणून निघालेला भागही खरबरीत. पुढे तो लेथवर चढवून घासून साफ करतात. साच्याचा गुण वस्तूत उतरतो, हा ओतकामाचा नियम आहे. तो उलटा वापरला तर? साचाच विलक्षण गुळगुळीत घेतला, तर त्यातून निघणारी वस्तू आपोआप तशी निघेल आणि तिला पुन्हा हात लावावा लागणार नाही. असा साचा काचेचा मिळतो. उष्णतेने मऊ करून ओढलेल्या काचेच्या नळीचा पृष्ठभाग मुळातच अतिशय गुळगुळीत असतो.

प्रथम पत्रा मापाने कापून, उष्णता देऊन त्याला शंकूचा बाक दिला. दुसरीकडे काचेची नळी धुऊन निर्मळ केली आणि हवा काढून टाकलेल्या पेटीत तिच्यावर सोन्याचा थर चढविला. सोन्याचे कण काचेवर एकामागून एक बसत जातात आणि अखेरीस जो थर होतो, तो आपल्या केसाच्या शतांशाहूनही पातळ असतो. गुजरीतल्या कसबी सोनाराचा मुलामाही याच्यापुढे जाडाभरडाच म्हणावा लागेल. नंतर बाक दिलेल्या पत्र्याच्या आतल्या बाजूवर एका चिकट द्रव्याचा बारीक फवारा मारला आणि निर्वात स्थितीत तो पत्रा त्या नळीवर बसविला. निर्वात स्थिती कशासाठी? पत्रा आणि सोने यांच्यामध्ये हवेचा एक बुडबुडा जरी राहिला, तरी तेथे आरशाला फोड येईल. मग ही जोडी भट्टीत मंद उष्णतेवर ठेवून चिकट द्रव्य घट्ट होऊ दिले.

आता पत्रा नळीपासून हलकेच सोडवावयाचा. येथे साऱ्या युक्तीचे मर्म आहे. सोने काचेला फार घट्ट चिकटत नाही; चिकट द्रव्याला मात्र ते घट्ट धरून बसते. त्यामुळे पत्रा सुटताना सोने काचेला सोडून पत्र्याबरोबर येते. आरशावर लावून ठेवलेली टिकली बोटाला चिकटून यावी, तसे. आणि सोन्याची जी बाजू इतका वेळ काचेला टेकलेली होती, ती आता वर येते. तिच्यावर काचेचा गुळगुळीतपणा जसाच्या तसा उतरलेला असतो. पत्र्याचा मूळ खरबरीतपणा चिकट द्रव्याच्या थराखाली झाकून जातो. अशा रीतीने ज्या पृष्ठभागावर कोणाचे बोट लागले नाही, कसलेही घासकाम झाले नाही, असा आरसा हाती येतो.

सोनेच का, असे तुम्ही विचाराल. हौस म्हणून नव्हे. सोन्याचे अणू जड आणि दाट असतात, त्यामुळे क्ष-किरणांना टप्पा देण्याची त्याची शक्ती हलक्या धातूंपेक्षा अधिक असते. शिवाय ते गंजत नाही, काळवंडत नाही.

हे सारे वर्णन मी काही ओळींत संपविले. पण एक आरसा झाला, की दुसरा, मग तिसरा, असे शेकडो वेळा तेच काम त्याच काळजीने करणे, हे वर्णनात उतरत नाही. प्रत्येक पापुद्र्याचे माप निराळे, कलही निराळा. काम करणाऱ्याने श्वास जोराने टाकला, तरी पत्र्यावर ओल धरावयाची. डोळ्यांना न दिसणारा धुळीचा कण या आरशावर डोंगराएवढा. म्हणून असे काम जेथे गाळलेली हवा खेळवलेली असते अशा स्वच्छ खोलीत, अंगभर झगा, डोक्यावर टोपी आणि हातमोजे घालून करतात. ग्रंथांतून शास्त्रज्ञांची नावे येतात. ज्यांच्या बोटांतल्या कसबावर हे आरसे उभे राहिले, त्या तंत्रज्ञांची नावे क्वचितच येतात. मला हे नेहमीच खटकत आले आहे.

तयार झालेले आरसे एका गोल सांगाड्यात बसविले. सांगाड्यात खाचा असलेल्या पट्ट्या असतात. स्वयंपाकघरातल्या ताटाळ्यात जशी ताटे आपापल्या खाचेत उभी राहतात, तसा एकेक पत्रा आपापल्या खाचेत बसतो. सर्वांत आतल्या नळीचा व्यास सुमारे १३ सेंटिमीटर आणि सर्वांत बाहेरच्या नळीचा सुमारे २६. त्यांच्या मधल्या साडेसहा सेंटिमीटर जागेत चाळीस पापुद्रे, आणि तरीही कोणी कोणाला टेकावयाचे नाही. आरशांपासून दोन मीटर अंतरावर किरण एकत्र येतात. तेथे इंग्लंडमधील लेस्टर विद्यापीठाने दिलेला कॅमेरा बसविला. हा कॅमेरा उणे ८० अंश सेल्सिअसच्या आसपास थंड ठेवावा लागतो, नाहीतर तो स्वतःच्याच उष्णतेने उगाच खुणा दाखवू लागतो. आरसे, नळी, कॅमेरा आणि झाकण मिळून दुर्बीण सुमारे अडीच मीटर लांब झाली. इतका खटाटोप करून क्ष-किरण पकडण्यासाठी तिला मिळालेले क्षेत्रफळ किती? सुमारे ९० चौरस सेंटिमीटर. मोठ्या माणसाच्या तळहाताएवढे!

मग परीक्षा सुरू झाल्या. उपग्रहातील प्रत्येक भाग हादरवून, तापवून, गारठवून पाहतात, कारण उड्डाणाच्या वेळी अग्निबाण त्याला गदगदा हलवितो आणि कक्षेत ऊन-सावलीचे फेरे सोसावे लागतात. आरशाच्या बाबतीत ढिलाई झाली तर काय होते, याचा धडा जगाला पूर्वी मिळालेला होता. १९९० साली अमेरिकेने ‘हबल’ ही मोठी दुर्बीण आकाशात सोडली. तिचा २.४ मीटर व्यासाचा मुख्य आरसा अत्यंत गुळगुळीत होता. पण त्याचा आकार चुकला होता. कडेला तो हवा त्यापेक्षा दोन मायक्रोमीटरहून थोडा अधिक सपाट झाला होता, म्हणजे केसाच्या जाडीच्या काही टक्क्यांनी. आरसा तपासण्याच्या उपकरणातील एक भिंग १.३ मिलिमीटरने आपल्या जागेवरून सरकलेले होते. त्यामुळे कारागिरांनी चुकीच्या मापाला अगदी बिनचूक आरसा करून दिला! निराळ्या साधनाने केलेल्या तपासणीत काहीतरी गफलत दिसत होती, तिकडे दुर्लक्ष झाले. परिणामी तारे धूसर दिसू लागले. १९९३ च्या डिसेंबरात अंतराळवीरांनी वर जाऊन तो दोष सुधारणारी उपकरणे बसविली, तेव्हा कोठे हबलची दृष्टी निवळली.

अ‍ॅस्ट्रोसॅटच्या नशिबी ती सोय नव्हती. ६५० किलोमीटर उंचीवर त्याला दुरुस्त करण्यासाठी कोणी जाणार नव्हते. मुंबईच्या खोलीत जे राहून जाईल, ते कायमचे राहणार होते.

२८ सप्टेंबर २०१५ रोजी सकाळी दहा वाजता श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही अग्निबाणाने उड्डाण केले. अ‍ॅस्ट्रोसॅटबरोबर परदेशांचे सहा लहान उपग्रहही होते. त्यावर क्ष-किरणांची ही दुर्बीण एकटी नव्हती. जंबुपार किरणांच्या दुर्बिणी होत्या, क्ष-किरण मोजणारी आणखी उपकरणे होती. त्यांतील काहींच्या कामात पुण्याच्या ‘आयुका’ या संस्थेचा मोठा वाटा आहे. १९८८ साली ही संस्था ज्यांनी उभी केली, ते जयंत विष्णु नारळीकर यांचा जन्म १९३८ साली आमच्या कोल्हापुरातच झाला होता. २०२५ च्या मे महिन्यात ते निवर्तले. अ‍ॅस्ट्रोसॅटने पाठविलेल्या माहितीचा उपयोग करू इच्छिणाऱ्यांस साहाय्य करणारे केंद्र आयुकातच आहे.

उपग्रह कक्षेत स्थिर झाला. साधारण ९७ मिनिटांत तो पृथ्वीभोवती एक फेरी घालू लागला. पण सोन्याच्या आरशांची दुर्बीण लगेच उघडली नाही. असे का? जमिनीवरून नेलेल्या वस्तूंत ओल आणि निरनिराळे वायू मुरलेले असतात. निर्वात अवकाशात गेल्यावर ते हळूहळू बाहेर पडतात. गार कॅमेरा किंवा निर्मळ आरसा त्यांच्या वाटेत आला, तर उकळत्या पाण्यावरच्या झाकणाला जशी वाफ धरते, तसे ते त्यावर बसतात, आणि मग तो थर पुसावयास कोणी नाही. म्हणून सुमारे महिनाभर थांबावयाचे ठरले. दहा वर्षांहून अधिक काळ ज्यांनी वाट पाहिली, त्यांना हा एक महिना किती मोठा वाटला असेल!

२६ ऑक्टोबर २०१५ रोजी शेवटचे झाकण उघडले. दुर्बिणीचे तोंड दक्षिण मत्स्य तारकासमूहातील पी. के. एस. २१५५–३०४ या नावाच्या एका दूरच्या दीर्घिकेकडे वळविलेले होते. तिच्या मध्यभागी प्रचंड कृष्णविवर आहे आणि त्याच्याजवळून निघणारा तप्त द्रव्याचा झोत जवळजवळ आपल्याच दिशेने येतो. पडद्यावर ठिपके उमटू लागले आणि त्यांचा एका जागी पुंजका झाला. तो चंद्रा दुर्बिणीच्या चित्राइतका बारीक नव्हता, आणि पत्र्याच्या आरशाकडून तशी अपेक्षाही नव्हती. त्याची रुंदी सुमारे दोन कला, म्हणजे अंशाच्या तिसाव्या भागाइतकी भरली. आरसे आपापल्या खाचांत जागच्या जागी होते. उड्डाणाच्या हादऱ्यांनी ते हलले नव्हते, आणि त्यांच्यावर मळही धरला नव्हता.

त्या दिवशी कॅमेऱ्यावर पडलेले क्ष-किरण सुमारे दीडशे कोटी वर्षांपूर्वी त्या दीर्घिकेतून निघालेले होते. तेव्हा पृथ्वीवर झाडे नव्हती, प्राणी नव्हते. एवढा प्रवास करून ते कुलाब्यात घडलेल्या सोन्याच्या पापुद्र्यांपर्यंत आले, पहिल्या शंकूवर एक टप्पा आणि दुसऱ्यावर दुसरा घेतला, आणि उरलेले दोन मीटर अंतर सेकंदाच्या पंधरा कोटीव्या भागाहून थोड्याच जास्त वेळात ओलांडून कॅमेऱ्यावर विसावले. पाच वर्षे काम करावे या अपेक्षेने पाठविलेला हा उपग्रह ती मुदत संपल्यावरही काम करीत राहिला.